आसनामागील ध्वनिपेटी : मुंबई उपनगरांतील वाहनसंगीत आणि जागेचा प्रश्न

प्रस्तावना

मालवाहू पिकअप गाडीच्या केबिनमध्ये आसनाची पाठ आणि मागचा पत्रा यांच्या दरम्यान जेमतेम वीतभर जागा उरते. जॅक, पाना, पाण्याची बाटली आणि कागदपत्रांची पिशवी ठेवण्यासाठी ही जागा वापरली जाते. याच जागेत सबवूफर, म्हणजे केवळ खर्जाचा आवाज देणारा ध्वनिक्षेपक, बसवावयाचा असेल तर तो किती इंचांचा असावा, एक असावा की दोन आणि त्याची पेटी किती लिटरची असावी, असे प्रश्न निर्माण होतात. वरवर पाहता हे प्रश्न गाड्यांची सजावट करणाऱ्या कारागिराचे आहेत. त्यांच्या मुळाशी मात्र ध्वनिशास्त्राचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि मुंबईच्या उपनगरांपुरते पाहिल्यास जागेच्या टंचाईचाही इतिहास आहे.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या परिसरात रस्त्यावरील आवाजाची चर्चा बहुधा दोनच परिमाणांत होते. बाजार वॅटची भाषा बोलतो, तर कायदा डेसिबलची. ज्या पेटीत ध्वनिक्षेपक बसतो त्या पेटीच्या आकारमानाचा, म्हणजेच लिटरचा, विचार दोघेही करीत नाहीत. खर्जाच्या आवाजाचे स्वरूप मुख्यत्वे या तिसऱ्या परिमाणावर ठरते. त्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चालकाला हवे ते संगीत मिळत नाही आणि रहिवाशाला हवी ती शांतताही मिळत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात करावयाचे आहे.

ध्वनिक्षेपक आणि पेटी : एका सिद्धांताची जडणघडण

नादाच्या उगमाला पोकळीची जोड द्यावी लागते, हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना त्याचा घेर, जाडी आणि पोकळी पारखून घेतात. पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीसाठी मोठा भोपळा आणि स्त्रीच्या वरच्या पट्टीसाठी लहान भोपळा हा भेद या परंपरेत रूढ आहे. मिरजेच्या सतार व तंबोरा या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तार आणि भोपळा यांची निवड परस्परांवर अवलंबून असते, हे या कारागिरांनी अनुभवातून जाणले. पोकळीच्या अनुस्पंदनाचे शास्त्रीय विवेचन जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ याने १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले.

विजेवर चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत हेच ज्ञान टप्प्याटप्प्याने पुन्हा मिळवावे लागले. १९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकक्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याने कागदी शंकू कंपित करणारा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक त्याच तत्त्वावर चालतात. मात्र त्यात एक अडचण होती. शंकू पुढे सरकला की त्याच्या पुढील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. खर्जाच्या दीर्घ लहरी शंकूला वळसा घालून एकमेकींना भेटतात व परस्परांना नष्ट करतात. म्हणून पुढची आणि मागची हवा वेगळी करणे अपरिहार्य ठरते. पेटीचे पहिले प्रयोजन हेच होय.

मागील हवेचा उपयोगही करून घेता येईल, हा विचार बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास याने मांडला. पेटीला योग्य मापाची नळी बसवून मागच्या ध्वनीचा मेळ पुढच्या ध्वनीशी साधण्याच्या त्याच्या रचनेला १९३२ मध्ये पेटंट मिळाले. दुसरी दिशा एडगर व्हिल्चर याने दाखविली. हेन्री क्लॉस याच्या सहकार्याने त्याने १९५४ मध्ये एका लहान, पूर्ण बंद पेटीचा ध्वनिक्षेपक बाजारात आणला. त्यात शंकूला मूळ जागी परत आणण्याचे बहुतांश काम यांत्रिक लवचीकतेऐवजी पेटीत कोंडलेल्या हवेकडे सोपविलेले होते. पेटीतील हवा ही एक स्प्रिंग आहे आणि पेटी जितकी लहान तितकी ती स्प्रिंग ताठ, हे सूत्र येथे व्यवहारात उतरले.

तरीही कोणत्या ध्वनिक्षेपकाला किती लिटरची पेटी द्यावी, याचे सर्वांना वापरता येईल असे गणित उपलब्ध नव्हते. ते ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये एका शोधनिबंधात मांडले. या निबंधाकडे जगाचे लक्ष १९७१ मध्ये त्याचे अमेरिकेत पुनर्मुद्रण झाल्यानंतरच गेले. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२ व १९७३ मधील लेखमालांतून हे काम पूर्णत्वास नेले. ध्वनिक्षेपकाची मुक्त अवस्थेतील अनुस्पंदन वारंवारता, त्याचे अवमंदन दर्शविणारा अंक आणि त्याच्या लवचीकतेशी समतुल्य असलेल्या हवेचे आकारमान, या तीन राशी ठाऊक असल्या की पेटीचे माप आधीच काढता येते, हा त्यांच्या संशोधनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.

याच परंपरेत जोसेफ अँटन हॉफमन याच्या नावाने ओळखला जाणारा नियम येतो. खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी एका वेळी दोनच मिळू शकतात, असे हा नियम सांगतो. आसनामागील जागेत पेटी लहानच असणार हे आधीच ठरलेले असते. त्यामुळे उरलेल्या दोहोंपैकी एकीचा त्याग करणे क्रमप्राप्त होते.

उपनगरे, वाहने आणि उरलेली जागा

मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये पश्चिमेस जोगेश्वरी व पूर्वेस भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या विस्ताराबरोबर उपनगरांना वाहन उद्योगाचाही परिचय झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता, तर महिंद्राचा कारखाना कांदिवलीत उभा राहिला. जुन्या गाड्यांचे भाग व सजावटीचे सामान यांची बाजारपेठ कुर्ला-कलिना परिसरात वाढली. इलेक्ट्रॉनिक सामानासाठी मात्र उपनगरवासीयांना ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जावे लागे.

चालत्या वाहनात संगीत आणण्याचे प्रयत्न परदेशात १९३० च्या सुमारास सुरू झाले होते. आपल्याकडे ते सामान्य चालकाच्या आवाक्यात आले ते कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही लहान कॅसेट १९८० च्या दशकात भारतभर पसरली आणि रेकॉर्डच्या तबकडीला चालत्या गाडीत जे शक्य नव्हते ते तिने साधले. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने परदेशी बनावटीचे संच सुलभ केले आणि २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम केंद्रे सुरू झाल्यावर चालकाला दिवसभर फुकट संगीत मिळू लागले.

या सर्व संचांना जागा हवी होती. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत ध्वनिक्षेपक बहुधा मागच्या काचेखालील फळीवर बसविले जात आणि डिकीची पोकळी त्यांना आपोआप पेटी म्हणून लाभे. पुढे सीएनजीचे सिलिंडर याच डिकीत आले व ती पोकळी आक्रसली. या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या.

उपनगरांचे खरे वाहन मात्र रिक्षा. बजाज समूहाला दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या उत्पादनाचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. मुंबईत रिक्षांना वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस प्रवेश नाही. त्यामुळे रिक्षातील संगीत ही उपनगरी संस्कृतीची खास खूण ठरली. प्रवाशाच्या पाठीमागे सामानासाठी असलेल्या जागेत दोन ध्वनिक्षेपक बसवावेत, भोवती रेक्झिन लावावे आणि चालकाच्या पुढ्यात संच ठेवावा, ही मांडणी अनेक रिक्षांतून दिसते. पिकअपच्या आसनामागील पेटी आणि रिक्षाच्या आसनामागील पेटी ही अशा रीतीने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत.

पेटीचे गणित : एक उदाहरण

हा प्रश्न अंकांनी अधिक स्पष्ट होतो. पिकअपचे आसन कलते असल्यामुळे मागील पेटी पाचरीच्या आकाराची होते. तिची आतील लांबी ११० सेंटिमीटर, उंची ३५ सेंटिमीटर, वरची खोली ८ आणि खालची खोली १६ सेंटिमीटर धरली तर सरासरी खोली १२ सेंटिमीटर येते आणि आतील आकारमान सुमारे ४६ लिटर भरते. आधाराच्या पट्ट्या व ध्वनिक्षेपकांच्या चुंबकांनी व्यापलेली जागा वजा जाता ४० लिटर हवा उरते, असे मानू.

आता असा ध्वनिक्षेपक घेऊ की ज्याची मुक्त वारंवारता ३० हर्ट्झ, अवमंदनाचा अंक ०.४० आणि समतुल्य हवा ४० लिटर आहे. बंद पेटीत बसविल्यावर वारंवारता आणि अंक हे दोन्ही एकाच पटीने वाढतात. समतुल्य हवेला प्रत्येक ध्वनिक्षेपकाच्या वाट्याच्या पेटीने भागावे, त्यात एक मिळवावा आणि वर्गमूळ काढावे, म्हणजे ती पट मिळते. ४० लिटरच्या पेटीत एकच ध्वनिक्षेपक बसविला तर वारंवारता सुमारे ४२ हर्ट्झ आणि अंक ०.५७ येतो. दोन बसविले तर प्रत्येकाच्या वाट्याला २० लिटर येऊन हे आकडे ५२ हर्ट्झ आणि ०.६९ होतात. तीन बसविले तर ६० हर्ट्झ आणि ०.८०, तर चार बसविल्यास ६७ हर्ट्झ आणि ०.८९.

अवमंदनाचा अंक ०.७ च्या आसपास असला की आवाजात उठाव वा लवकर उतार न येता तो समतोल राहतो. म्हणजे या पेटीला असे दोन ध्वनिक्षेपक उत्तम जुळतात. चार बसविल्याने एकूण दणका वाढतो, परंतु जी वारंवारता ओलांडली की खर्ज झपाट्याने उतरू लागतो ती ५२ वरून ६७ हर्ट्झवर चढते. ग्राहकाने दुप्पट पैसे मोजलेले असतात, तरी मोठ्या आवाजाच्या तुलनेत खोली घटलेली असते. ढोलाचा घुमार नाहीसा होऊन नुसती धडधड उरते, अशी जी तक्रार ऐकू येते तिचे एक कारण येथे सापडते.

नळीच्या पेटीने हा प्रश्न सुटेल असे वाटते. पण तिला सामान्यतः अधिक लिटर लागतात आणि खालच्या वारंवारतेसाठी नळी लांब करावी लागते. बारा सेंटिमीटर खोलीच्या पेटीत ती वळवून बसवावी लागते व तिचे आकारमान हवेतूनच वजा होते. शिवाय ध्वनिक्षेपकाच्या चुंबकामागे हवेला हालचालीस थोडी मोकळीक लागते. म्हणून अशा ठिकाणी उथळ बांधणीचा ध्वनिक्षेपक, जाड व घट्ट सांध्यांची बंद पेटी आणि मर्यादित अपेक्षा हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

हे गणित कारागिरापर्यंत क्वचितच पोहोचले. बाजारातील डब्यांवर पीएमपीओ या संज्ञेखाली हजारो वॅटचे आकडे छापले जात. हे आकडे क्षणिक व आदर्श स्थितीतील कमाल शक्ती दर्शवितात. सलग मिळणारी शक्ती त्याच्या काही अंशच असते. पेटीचे लिटर, अनुस्पंदन वारंवारता किंवा समतुल्य हवा यांचा उल्लेख स्वस्त मालावर सहसा नसे. सुतार कुशल असला तरी त्याला पेटी जागेच्या मापाने करावी लागे, ध्वनिक्षेपकाच्या मापाने नव्हे.

बंद केबिन आणि उघडी रिक्षा

पिकअप आणि रिक्षा यांच्यातील महत्त्वाचा फरक पेटीच्या बाहेर आहे. खर्जाच्या लहरीची अर्धी लांबी केबिनच्या सर्वांत मोठ्या अंतर्गत लांबीहून अधिक झाली की लहर केबिनमध्ये पसरत नाही. ती संपूर्ण केबिनमधील हवेचा दाब एकत्रितपणे कमीजास्त करू लागते. त्यामुळे त्याखालील वारंवारतांना मोफत वाढ मिळते. दीड मीटरच्या केबिनमध्ये ही सीमा सुमारे ११४ हर्ट्झवर येते. काचा पूर्ण बंद आणि पत्रा ताठ असता सैद्धांतिकदृष्ट्या वारंवारता निम्मी होताना ही वाढ १२ डेसिबलपर्यंत होते आणि बंद पेटीचा उतारही नेमका तेवढाच असतो. प्रत्यक्षात फटी व लवचीक पत्रे यांमुळे लाभ कमी होतो, तरी लहान पेटीची उणीव केबिन बऱ्याच अंशी भरून काढते.

रिक्षाला दोन्ही बाजू उघड्या आहेत. तिच्यात हा लाभ जवळजवळ शून्य असतो. इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज मात्र थेट आत येतो. परिणामी रिक्षाचालकाला खर्ज ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि वाढलेला आवाज रस्त्यावर सांडतो. याकडे केवळ बेशिस्त म्हणून पाहणे अपुरे आहे. दिवसभर एकटेपणाने वाहन हाकणाऱ्या माणसाची संगीताची गरज स्वाभाविक आहे; तिला मिळालेले साधन चुकीच्या जागी बसलेले आहे. लहान, मध्यम स्वरांचे आणि चालकाच्या कानाजवळ बसविलेले ध्वनिक्षेपक त्याची गरज अल्प शक्तीत भागवू शकतात. रिक्षात खोल खर्जाचा हट्ट धरणे हॉफमनच्या नियमाशी विसंगत आहे.

आसनामागून हौद्यात : डॉल्बीचा उदय

पेटी आसनामागे मावत नाही असे झाले की ती हौद्यात जाते. मिरवणुकीतील टेम्पो व ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती हे याच वाटचालीचे पुढचे टोक होय. येथे लिटरची टंचाई उरत नाही. त्यामुळे खोल खर्ज आणि मोठा आवाज दोन्ही मिळतात. या भिंतींना महाराष्ट्रात डॉल्बी हे नाव पडले. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये आपली संस्था स्थापन केली ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी. आवाज शुद्ध करणाऱ्याचे नाव आपल्याकडे आवाजाच्या अतिरेकाला मिळाले आणि डॉल्बीमुक्त गणेशोत्सव अशी मोहीमही त्याच नावाविरुद्ध उभी राहिली.

या प्रश्नावर मुंबईतील नागरिकांनी प्रदीर्घ लढा दिला आहे. डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकात उच्च न्यायालयात दाद मागितली. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम अधिसूचित केले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ध्वनिक्षेपकाचा आवाज क्षेत्राच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असू नये असा निर्णय दिला. सुमैरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशनने उत्सवकाळातील मोजमापे सातत्याने जाहीर केली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये विस्तृत निर्देश दिले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीत अशा यंत्रणा वाजविण्यासाठी व्यावसायिकांनी मागितलेला अंतरिम दिलासा नाकारला.

या सर्व मर्यादा ए भारांकनाच्या डेसिबलमध्ये आहेत, ही बाब येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. मानवी कान खर्जाला कमी संवेदनशील असतो म्हणून हे भारांकन खालच्या वारंवारता मोठ्या प्रमाणात वजा करते. ६३ हर्ट्झला सुमारे २६ आणि ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल कमी धरले जातात. म्हणजे ६३ हर्ट्झचा ९५ डेसिबल दाबाचा आवाज मापकावर केवळ ६९ दाखवितो. ही वजावट सौम्य आवाजाच्या श्रवणावर आधारलेली आहे. आवाज मोठा झाला की कान खर्जालाही अधिक प्रतिसाद देऊ लागतो. सी भारांकनात मात्र ६३ हर्ट्झला एक डेसिबलही वजा होत नाही. दुसरीकडे भिंत आणि काच वरच्या स्वरांना बऱ्यापैकी अडवितात, खर्जाला फारच थोडे. रस्त्यालगतच्या चाळीत वा इमारतीत खिडक्या लावून घेतल्यावर शब्द ऐकू येत नाहीत, तरी छातीत धडधड जाणवत राहते. रहिवाशाला ज्याचा सर्वाधिक त्रास होतो तेच मापकावर सर्वांत कमी नोंदले जाते. तक्रारदार आणि अधिकारी यांच्यातील मतभेदांच्या मुळाशी कित्येकदा कोणाचाही खोटेपणा नसतो. मोजमापाची पट्टीच त्यांना दोन वेगवेगळी सत्ये दाखवीत असते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ध्वनिक्षेपक व पेटी या दोन वस्तू नसून एकच यंत्रणा आहे, हे १९७३ पर्यंत गणिताने सिद्ध झाले असूनही आपल्या बाजारात ते ज्ञान रुजले नाही. दुसरा असा की, वाहनाची रचना तिसरा घटक म्हणून यात सामील असते. बंद केबिनला जे साधते ते उघड्या रिक्षाला साधत नाही, आणि हे न उमगल्यामुळे खासगी संगीत सार्वजनिक गोंगाट बनते. तिसरा असा की, आपला कायदा आवाजाची पातळी मोजतो, परंतु आवाजाचा पोत मोजत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. उत्सवकाळातील मोजमापात ए भारांकनाबरोबर सी भारांकनाची नोंदही घेतली, तर दोहोंमधील फरकावरून खर्जाचे प्रमाण तत्काळ कळेल. ध्वनिक्षेपकाच्या वेष्टनावर सलग शक्तीबरोबर योग्य पेटीचे लिटर छापणे उत्पादकांना कठीण नाही. महाविद्यालयांचाही यात वाटा असू शकतो. ध्वनिक्षेपकाच्या तीन राशी काढण्याचा प्रयोग पदवीच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साध्या उपकरणांनी करता येतो आणि त्यातून पेटीचे माप काढून दाखविता येते. उपनगरांतील कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी रिक्षा, टेम्पो किंवा सुतारकामाचा व्यवसाय आहे. हे गणित त्या घरांपर्यंत पोहोचले, तर आसनामागील पेटी तिच्या मालकाला अधिक सुरेल वाटेल आणि शेजाऱ्याची झोपही मोडणार नाही.